खराटा

त्या दिवशी उणे एकोणीस होतं,
म्हणजे आमच्या क्युबेकच्या हिशेबाने उबदारच.
फेब्रुवारीतला मंगळवार, दुपारचे दोन,
बर्फावरचं ऊन डोळ्यांत खुपत होतं
आणि ट्रुडेलांच्या गोठ्यासमोरच्या वळणावर
एक टँकर कुशीवर पडला होता,
बसकण मारलेल्या गुरासारखा.

ड्रायव्हर गिस्लँ आपल्या पायांनी बाहेर आला होता.
एक हातमोजा हरवला, एवढंच.
म्हणाला, आत हायड्रोजन आहे, पातळ,
उणे दोनशे त्रेपन्न.
चाळीस टनांची गाडी, माल जेमतेम चार टन,
लिटरभराचं वजन एका अंड्याएवढं.
मागे काही आहे हे विसरायला होतं.
तेच विसरलो.

मी स्वयंसेवक बंबवाला,
एरवी शाळेची बस चालवतो.
वीस वर्षांत घरं पाहिली, गंज्या पाहिल्या, एकदा चर्च.
प्रत्येक आगीला तोंड होतं,
धूर तिचा निरोप घेऊन आधी यायचा.
इथे फक्त पांढरं धुकं,
शिट्टीसारखा एक फुत्कार,
आणि पाइपावरून थेंब थेंब गळणारं काहीतरी.
पाणी नव्हे. हवा.
इतका गारठा, की हवाच पातळ होऊन
रस्त्यावर ठिबकत होती.

पेटलंय की नाही?
भर उन्हात ती ज्योत दिसत नाही.
धूर नाही, वास नाही, रंग नाही.
उष्णता दाखवणारा कॅमेरा शेजारच्या गावात,
पस्तीस किलोमीटर, वाटेत बर्फ.

प्रशिक्षणात एका म्हाताऱ्या मास्तरांनी सांगितलं होतं,
खराटा पुढे धरून चाला.
तेव्हा आम्ही हसलो होतो.
ओव्हिला तर झाडूवर बसून
वर्गभर चेटकिणीसारखा उडाला होता.

फेर्नांद ट्रुडेल गोठ्याच्या दारातून हलेना.
चारला धारा काढायच्यात, म्हणाली,
त्रेचाळीस गाई आहेत, त्यांना काय सांगू?
मी म्हटलं, बाई, आधी खराटा द्या.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे,
मग शेणाने माखलेला, एका बाजूने झिजलेला
खराटा पुढे केला.
परत आणून द्या, म्हणाली.

हात लांब, श्वास आखूड.
आंधळ्याने काठी टेकत जावं तसा निघालो,
फक्त माझी काठी टेकत कशालाच नव्हती.
वीस पावलं. काही नाही.
तीस. काही नाही. कुंपणावर एक कावळा.
बत्तिसाव्या पावलाला
खराट्याच्या टोकाला
आपोआप
केशरी फूल आलं.

तिथे, रिकाम्या जागेत, ती उभी होती.
माझ्या हातापासून दीड मीटर.
किती वेळची, कोण जाणे.

मी मागे आलो.
धावलो नाही, असं अहवालात लिहिलंय.

पुढे करायचं काय? काही नाही.
विझवायची नाही,
विझली तर वायू साचतो आणि सगळा हिशेब एकदम मागतो.
वाफेच्या तोंडाशी पाणी मारायचं नाही,
तिथे बर्फ धरला तर संपलंच.
जन्मभर पाणी घेऊन धावलेले आम्ही सात जण
हाताची घडी घालून उभे.

चारला गाई हंबरू लागल्या.
आठशे मीटरवर अडवलेली फेर्नांद
एकेकीचा आवाज ओळखत होती,
बोटांवर मोजत होती.

अंधार पडला तेव्हा आग दिसली,
फिकट निळी, अगदी बारीक,
दिवसभर एवढीशी होती ती.
गिस्लँ माझ्या बसमध्ये
पहिलीतल्या पोरांच्या बाकावर
गुडघे पोटाशी घेऊन झोपला होता.
पहाटे तीनला शिट्टी थांबली.
साडेतीनला धारा सुरू झाल्या.

एप्रिलमध्ये नगरपालिकेत बिल आलं.
खराटा, नग एक, चौदा डॉलर.
खाली वेगळ्या शाईने:
अर्धा शिल्लक आहे. वापरते.